मिशी

ॲक्रनच्या हायस्कुलात, शुक्रवारी रात्री
माझी मुलगी बाप झाली.

मिशी तिच्या आईच्या काजळपेन्सिलीची.
कोट माझा, मुलाखतींचा,
आतल्या खिशात अजून
कोलंबसच्या पार्किंगची पावती असेल.

मी मागच्या रांगेत, कामावरून थेट,
गळ्यात बिल्ला तसाच.
नाटक सोड, गणिताकडे बघ,
असं अख्खा फेब्रुवारी म्हणत होतो मी.

नाटकातल्या बापाचं रंगाचं दुकान बुडालंय.
थोरला घर सोडून निघालाय
आणि बाप त्याला अडवायचं सोडून
हिशेब मांडतोय:
दातांच्या तारेचे इतके,
बेसबॉलच्या बुटांचे इतके,
आणि माझ्या पाठीचे? ते कोण धरणार?

तेवढ्यात तिनं चष्मा कपाळावर सरकवला,
अंगठ्यानं नाकाचं हाड दाबलं,
टेबलावरचा कागदी रुमाल
दुमडत, पुन्हा दुमडत
सुपारीएवढा केला.

हे संहितेत नसणार.
हे आमच्या स्वयंपाकघरातलं आहे.

शेजारच्या मिसेस कोवाल्स्की डोळे पुसत म्हणाल्या,
कुठून शिकली हो ही?
म्हणालो, इथले शिक्षक चांगले आहेत.

गाडीत हीटर तापायची वाट बघत बसलो.
अर्धी मिशी गालावर फिसकटलेली.
"कसं झालं?"
"छान. शेवटी फक्त आवाज जरा जास्त चढला."
काचेवरच्या वाफेत तिनं बोट फिरवलं.
"नाही बाबा," म्हणाली,
"कमीच ठेवला होता."