एक्क्याऐंशी

कोगनोळी नाक्यावर, ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी
बस थांबली ती थांबलीच.
कंडक्टरनं माझ्याकडं बोट केलं :
तुम्ही उतरा. सामान घेऊन.

सामान म्हणजे इचलकरंजीहून आणलेलं सूत
आणि मागाचे दोन धोटे.
शिपाई कोवळा, हुक्केरीकडचा असावा,
मराठी माझ्याहून जपून बोलायचा.
खांबावर बघत म्हणाला,
मी नाही हो. त्यानं काढलंय तुमचं नाव.

नाव माझं नव्हतंच.
भरमाण्णा सायनेकर, वडगाव.
दंडावर काळी फीत, घोषणेच्या मध्येच
उघडं राहिलेलं तोंड.
शेजारी हिरव्या चौकटीत बसच्या पायरीवरचा मी
आणि मधे आकडा : एक्क्याऐंशी टक्के.

म्हटलं, हा थोरला. काविळीनं गेला, नऊ वर्षं झाली.
रेशनकार्डावरून दोन फेऱ्यांत गेला,
मतदार यादीतून न सांगताच.
दाखला मोबाईलमध्ये होता, कन्नडात.
शिपायानं वाचला, जीभ चावली,
आणि यंत्राला हे कुठं सांगायचं
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
त्या पडद्यावर ‘मयत’ असं बटण नाही.

मग माझाच अंगठा घेतला.
समोरून, डावीकडून, उजवीकडून. हनुवटी वर.
आता पुन्हा अडवणार नाही, म्हणाला,
आणि जरा थांबून :
किंवा अडवेल. दोघं जोडले गेलाय आता.

शेवटची बस निघून गेली होती.
म्हटलं, तो फोटो परत एकदा दाखवता?
त्यानं इकडंतिकडं बघून पडदा वळवला
आणि चहाला गेल्यासारखं केलं.

तो शर्ट माझा.
त्या दिवशी घरभर शोधत होतो मी.

ट्रक धरून रात्री बाराला घरी.
आईला म्हटलं, भरमू दिसला. नाक्यावर.
पोलिसांकडं आहे.
ती कांबळ्याची दशी ओढत बसली बराच वेळ.
मग, बारीक दिसालता काय रे?
म्हटलं, नाही. बरा होता.

सकाळी गल्लीनं बजावलं,
आज चौकात जाऊ नकोस, तू यादीत आहेस.
गेलो नाही. माग लावला.
आई मात्र पिशवी घेऊन निघाली.
गल्लीच्या तोंडाशी, नव्या खांबाखाली
थांबली. मी दारातून बघत होतो.
तिनं डोक्यावरचा पदर मागं घेतला
आणि तोंड वर केलं.