पाळणा

मी चियातुराच्या रोपवेवर होते, सव्वीस वर्षं.
काम काय? दार लावायचं, माणसं मोजायची,
घंटा दाबून वरच्याला कळवायचं: ओढ.
पाळणा लोखंडी, रंगाचे पोपडे उडालेला.
खाली दरी, वर मँगनीजची खाण,
आणि मधल्या साडेचार मिनिटांत
पाळीवर निघालेल्या सात पुरुषांना
माझी धाकटी त्सिउरी रोज मरून दाखवायची.

वय नऊ.
कधी विषाने मरायची, कधी विरहाने,
एकदा आमच्या काकूसारखी, पित्ताशयाने.
वर पोचता पोचता उठायची, फ्रॉक झटकायची,
टोपी फिरवायची. दोन नाणी, एक अक्रोड.
एकदा वीज गेली, चाळीस मिनिटं लोंबकळत होतो.
ती मेलेलीच राहिली.
म्हातारा अंब्रोसी रडला. नंतर कबूल करेना.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
मला दिसले ते बूट:
माझेच जुने, पुढे कागद कोंबलेले.

तिबिलिसीत नाट्यशाळेने दोनदा नाही म्हटलं.
पहिल्यांदा म्हणाले, उच्चार डोंगराळ आहेत.
दुसऱ्यांदा काहीच म्हणाले नाहीत,
यादी लावली फक्त.
आई म्हणाली, हौस फिटली ना, ये आता.
ती एका तळघरातल्या भट्टीवर लागली.
पहाटे तीनला कमरेपर्यंत आत वाकून
होडीच्या आकाराचे पाव भिंतीला थापायचे.
"श्वास मी तिथं शिकले," असं आता मुलाखतीत सांगते.
तेव्हा फोनवर सांगायची: भुवया जळाल्या.

तिसऱ्यांदा घेतलं.

पुढे काय काय झाली ती, माझ्या वहीत आहे:
झाड. दुसरं झाड. बकरीचा मागचा भाग.
गर्दीतली बाई, जिला "पाव संपले!" एवढं ओरडायचं होतं,
तेही आदल्या दिवशी कापलं.
मग पोलिसांच्या मालिकेत प्रेत.
त्या रात्री सगळे टीव्हीपुढे बसलो,
शेजारी वाइनचा घडा घेऊन आले.
अकरा सेकंद. चेहऱ्यावर चादर.
बाबा उठून पडद्याजवळ गेले, चष्मा पुसला,
म्हणाले, "पाय आपलेच."

त्यानंतर तुर्की मालिकांचं डबिंग:
एका दुपारी दोन सवती, एक सासू, एक तोतरा मुलगा.
पैसे महिनाअखेर, कधी पुढच्या महिनाअखेर.
आणि सहा वर्षं झाली, इस्पितळाच्या मालिकेत
ती नर्स लामारा आहे.
मेट्रोत बायका बाही वर करतात: जरा बघा ना, बीपी.
ती बघते. मनगट धरते, घड्याळाकडे डोळे,
"मीठ कमी करा," म्हणते.
बरोबरच निघतं बहुतेकदा.

गेल्या शरदात घरी आली.
पाळणे आता काचेचे, दारं आपोआप लागतात,
मोजायला कुणी लागत नाही.
आम्ही दोघी बसलो. ती बोटांवर हिशोब करत होती:
शूटिंगचे दिवस, भाडं, दाताचा डॉक्टर.
समोर एक मुलगी तिच्याकडे टक लावून,
नाकात बोट.

"मरू का गं?" त्सिउरीने मला विचारलं.
मी म्हटलं, वर पोचायला दोनच मिनिटं आहेत.
"पुरेत," म्हणाली,
आणि वाकून बूट काढू लागली.