टोपण

धुळा झोरेचा बेडका तिसऱ्यांदा आला मिरजेला,
डबीवर गावाचं नाव अर्धंच :
चांदोलीच्या अलीकडलं काहीतरी.
गंजल्या पत्र्याचा रंग.
सहा महिने क्षयाच्या गोळ्या गिळून
खोकला होता तिथंच,
आणि मी दरवेळी लिहीत होतो : जंतू आढळले नाहीत.

कुरणे मॅडमनी खोकल्याचं विचारलंच नाही.
म्हणाल्या, ओढ्यावर काय खाता?
तो लाजला. पोरगी बोलली,
"खेकडं. जाळावर टाकतो, पण दम कुठं निघतोय.
नांग्या तशाच चोखतो."

मॅडम माझ्याकडं वळल्या.
आज रंग चढवू नका.

थेंब नुसताच काचेवर ठेवला,
भिंग फिरवलं,
तर पिवळट तपकिरी, एका अंगाला टोपण बसवलेलं
अंडं.
कुणी लोणच्याची बरणी
नीट झाकून ठेवावी फुफ्फुसात, तसं.

लाल काड्या शोधायच्या म्हणून
दोनदा मीच आम्ल ओतलं होतं
याच्यावर.

पोरीला बोलावून दाखवलं.
एक डोळा मिटून बघत राहिली.
"एवढंसं?" म्हणाली,
आणि तोंड फिरवून,
फ्रॉकच्या बाहीत,
खोकली.