माजी

देवगिरी एक्स्प्रेस पहाटे जालन्यात शिरली
तेव्हा हर्षू झोपेतच बोलला, "तुमेफिका?"
म्हणजे, पोचलो का.
पाच महिन्यांत त्याची मराठी पातळ झाली होती,
पाहुणे वाढल्यावर आमटी होते तशी.

कुलपाला तेल लागलं.
आईनं चप्पलसुद्धा काढली नाही, आधी नळ सोडला.
नळानं लांब उसासा टाकला, बस.
भिंतीवरून उढाणकाकू म्हणाल्या,
"कालच येऊन गेलं बाई. आता आठ दिवसांनी."

आमचे बाबा जिनिंगचे फिटर.
सरकी इकडं, रुई तिकडं करणारी मशीन
त्यांनी म्वांझाला नेऊन उभी केली,
आणि मशीनच्या मागं आम्हाला.
वर्गात बाई म्हणाल्या, नकाशात दाखव.
मी टांझानिया दाखवला,
तर तंझिला बाकावरून उठून म्हणाली,
"माझ्या नावाचा देश, अन् गेली ही!"

तिथं एक तळं आहे.
त्याचा पलीकडचा काठ
मला भेटलेल्या कुणीच पाहिला नव्हता.
काठावर हे मोठाले धोंडे, एकावर एक,
कुणी लगोरी रचून जेवायला गेल्यागत.
मी झुहुराला घाणेवाडीच्या तलावाचं सांगितलं,
हात पसरून, दमून.
तिनं ओंजळ करून दाखवली. "एवढा?"
दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.
कोरडा का असेना, तलाव माझा होता.

तिथं आईला मामा म्हणतात.
आमच्या घरमालकीण मामा नीमा.
हर्षू पहिले दिवस त्यांच्याकडं बघून विचारायचा,
"ह्या मामाला मिश्या कामून नाहीत?"

पहिल्या रात्री आईनं
बादली, दोन पातेली, कुकर, माझी शाळेची बाटली,
आणि शेवटी चहाचे कपसुद्धा भरून ठेवले.
सकाळी नळ चालूच.
दुपारीही चालू. रात्रीही.
तिनं शिळं म्हणून सगळं झाडांना ओतलं
आणि पुन्हा भरलं.
मामा नीमानं खुणेनं विचारलं, घरात लग्न आहे का?
बाबा हसले.
आई हसली नाही. तिनं झाकणं ठेवली.

तिथल्या ज्वारीची भाकर लाल व्हायची.
भुरक्यासोबत मामा नीमानं ती खाल्ली,
डोळ्यांतून पाणी काढलं, काही बोलल्या नाहीत,
आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या.

निघताना त्यांनी आईला विचारलं, काय देऊ?
आई बराच वेळ नळाकडं बघत राहिली.
मग म्हणाली, काही नको.
(हे मी वर्गात सांगितलं नाही.
वर्गात मी जिराफ सांगितला.
जिराफ आम्ही बसमधून पाहिला, मानेपुरता.)

तिथं पाण्याला माजी म्हणतात.
हर्षू आत्ता कुठं वाचायला लागलाय.
उढाणांच्या दारावरची पाटी त्यानं बोट लावून वाचली:
कचरू आप्पा उढाण, माजी नगरसेवक.
"ताई, हे पाण्याचे नगरसेवक!"
मी म्हटलं, माजी म्हणजे होऊन गेलेलं.
आधी असलेलं, आता नसलेलं.
त्यानं आमच्या नळाकडं पाहिलं.
"तेच की," म्हणाला.

आठव्या रात्री पावणेतीनला नळ खोकला.
हर्षू अंथरुणातून थेट अंगणात,
"माजी! माजी! माजी आलं!"
शेजारचा दिवा लागला.
आप्पा बनियनवर बाहेर, चष्मा चाचपत,
"कोण हाये? काय काम काढलं एवढ्या रात्री?"
कुणालाच हसायला फुरसत नव्हती.
बाबांनी त्यांच्या हातात पाइपाचं टोक दिलं,
आणि ते धरून उभे राहिले, अगदी जबाबदारीनं.

मी बादलीत वाकून पाहिलं.
पलीकडचा काठ लगेच दिसला.
आई म्हणाली, "सरक, सावली पडती.
अजून कुकर राहिलाय."