करदोडा

बत्तीस वर्षं नोटप्रेसमध्ये मी कागद तपासले.
शाई फुटली, कड सरकली, आकडा केसभर हलला
की बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर.
आता जेल रोडच्या घरी, मोरीच्या मागच्या तुकड्यात,
एक पान उन्हासमोर धरून उभी आहे.
शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.
कागदी लिंबू. जातच कागदी.
चूक दिसते आहे, सापडत नाही.

गायधनीबाई कुंपणावरून म्हणाल्या, नजर लागली.
लागलीही असेल.
पण सगळ्या गल्लीची नजर ज्याने काढतात
त्याची कशाने काढू?

नर्सरीतला मुलगा फोटो बघून म्हणाला, लोह कमी.
पुडी आणली, घातली.
कुणी म्हणालं पाणी जास्त. पाणी तोडलं.
कुणी म्हणालं ताक.
ताक मांजराने चाटलं.
मातीत बोट खुपसलं दुसऱ्या पेरापर्यंत, ओल ठीक.
पानामागे कीड नाही. नागअळीची एक रेघ,
तीही जुनी, पेन संपत आल्यावर केलेल्या सहीसारखी.
रात्री टॉर्च घेऊन गेले, की चोर रात्री येत असेल.
चोर नव्हता. नुसतं झाड होतं,
आणि माझ्या पायाशी आणखी सात पानं.

गेल्या उन्हाळ्यात याने दोनशे बारा लिंबं दिली होती.
मोजली होती, सवय जात नाही.
तीन बरण्या लोणचं. प्रेसच्या मैत्रिणींना रिक्षाने पिशव्या.
कौतुकाने खोडावरून हात फिरवला तेव्हा
या बोटांना काहीच लागलं नाही.

मग यमुनाचा भाऊ आला, मोतीराम गावित, सुरगाण्याचा.
निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीला टोळी घेऊन येतो,
बहिणीला भेटायला आला आणि चहा होईपर्यंत मागे गेला.
पानांकडे त्याने पाहिलंच नाही.
उकिडवा बसला, नखाने साल खरवडत
मातीपासून वर सरकला,
गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबला.
"बाई, हे काय?"

वर खोड फुगलेलं, खाली बारीक,
मधे सालीच्या दोन ओठांत मिटलेली
बाइंडिंग वायर.
स्लॅबच्या कामातून उरलेली. दोन वेढे, वर पीळ.
रोप वाऱ्याने कलू नये म्हणून सळईला बांधलेलं,
अकरा वर्षांपूर्वी. सळई भंगारात गेली.
पीळ माझ्याच हातचा, उजवीकडून डावीकडे.
पोराचा करदोडा दर वर्षी सैल करतात.
हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

"बागेत आम्ही मुद्दाम काढतो असा पट्टा," मोतीराम म्हणाला,
"साखर खाली उतरत नाही, मणी फुगतो.
पण तो महिन्यात भरून येतो.
तुमचं अकरा वर्षं.
वर सगळं, मुळाला काही नाही.
असं झाड एखाद्या साली लई फळतं."

दोनशे बारा.
गल्लीभर सांगत होते मी, किती दिलदार आहे.

पक्कडीने निघाली तेवढी काढली.
उरलेली आत राहू द्या, ओढली तर साल येईल.
मोरचूद आणि चुना कालवून निळा लेप दिला.
निम्म्या फांद्या उतरवल्या, बुंध्याशी पाचट.
फूल आलं तर खुडायचं, दोन वर्षं लिंबू विकत आणायचं.
पुडीचं काय करू, विचारलं,
तर तो हसला आणि गार झालेला चहा प्यायला.

नोव्हेंबर गेला. वरचं अजून कळत नाही.
काही पानं राहिली आहेत, काही नुसती अडकली आहेत.
तारेच्या खाली मात्र एक कोंब फुटला आहे,
वीतभर, सरळ यायचं सोडून भिंतीकडे झुकणारा.
मोतीरामने फोनवर सांगितलं, ठेवा त्याला.
वरचं गेलं तर हाच.

काल सुती साडीची पट्टी फाडून
त्याला काठीला बांधलं, मधे बोट राहील इतकं सैल.
आणि कॅलेंडरवर, दर एक तारखेच्या चौकटीत,
जिथे पूर्वी पगार लिहायचे,
तिथे लिहून ठेवलं:
गाठ बघ.