पडद्याची पाठ

प्रशिक्षण कास्त्रोला, सकाळी नऊला.
म्हणून पहाटे पाचची लाँच धरली,
यास्ना आणि मी, वाचनालयाला कुलूप लावून,
डिझेलचा वास आणि दोन मेंढ्यांच्या सोबतीनं.
एकोणीस वर्षं पुस्तकं सांभाळतेय मी बेटावर,
मला आता काय शिकवणार, असं मनात,
आणि पिशवीत उकडलेले बटाटे.

सभागृहाच्या दाराशी रबरी बुटांचा ढीग.
बावीस जण आम्ही, मोज्यांवर बसलेलो,
एरवीच्या फोनवरच्या आवाजांना आज चेहरे.
सान्तियागोहून आलेली मारित्सा
प्रोजेक्टरशी झटत होती. वीज दोनदा गेली.
भिंतीवर शेवटी उमटलं:
'वाचकाच्या जागी जाऊन पाहा.'
मागून ओस्बाल्दो पुटपुटला,
'आमच्याकडे वाचकाच्या जागी बादली आहे. छप्पर गळतं.'
हसलो सगळे. मारित्साही हसली, पण
क्लिकर खाली ठेवून म्हणाली, 'उठा. खुर्च्या बदला.'

मला वाचक व्हायला सांगितलं.
कोण होऊ? आठवले म्हातारे एलियेसेर,
दर गुरुवारी येतात, पेन्शनचं बघायला,
टोपी मांडीवर, हात टोपीवर.
यास्ना झाली मी.
टेबल आमच्या इथल्यासारखंच मांडलं तिनं,
'बसा हं, दोन मिनिटांत करून देते,'
माझ्याच सुरात म्हणाली
आणि खटाखट टाइप करायला लागली.

समोर पडद्याची पाठ.
काळं प्लास्टिक. एक अनुक्रमांक, धुळीत अर्धा बुडालेला.
फटीत कोळ्याचा धागा.
खाली वायरींचा गुंता, त्यातली एक
कशालाच न जोडलेली.
मी पाहत राहिले.
'झालं बघा,' यास्ना म्हणाली.
मला काहीच दिसलं नव्हतं.

अकरा वर्षं म्हाताऱ्या एलियेसेरनी
आपली पेन्शन या बाजूनं पाहिली.

काय वाटलं, मारित्सानं विचारलं.
बाकीचे बोलले भरभरून, वहीत उतरवण्याजोगं.
मी म्हटलं, धूळ पुसायला हवी.
ती फळ्यावर लिहायला लागली, मग थांबली.

संध्याकाळी प्रमाणपत्रं. माझ्या नावात एक अक्षर कमी,
नोल्फाची नोफा झाले.
परतताना समुद्र खवळलेला, यास्नाला उलट्या.
तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं,
'मी खरंच तश्शी म्हणते का गं, दोन मिनिटांत?'
'हो,' म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

गुरुवारी पडदा वळवायला गेले तर वायर पुरेना.
मग टेबलच ओढलं.
लाकडी जमिनीवर पायांचे चार फिके चौकोन उघडे पडले.
म्हातारे एलियेसेर दारातच अडले.
'माझी जागा कुठाय?'
'इथे. माझ्या शेजारी.'
'म्हणजे काम मी करायचं आणि पगार तू घ्यायचा?'
बरोबर आहे तुमचं, म्हटलं. बसा.

बोट कीबोर्डवर फिरलं,
अंधारात भिंतीवरचा खिळा चाचपावा तसं.
पासवर्ड म्हणजे त्यांच्या बोटीचं नाव.
चौऱ्याण्णव साली बुडाली ती.
माझ्या खणात चिठ्ठीवर होतं इतकी वर्षं,
मीच टाइप करायचे हातासरशी,
तारखेचा शिक्का मारावा तसं.
आज त्यांनी एकेक अक्षर शोधलं.
तिसऱ्यापाशी थांबले. बराच वेळ.
मदत माझ्या जिभेवर आली होती.
गिळली, आणि खिडकीबाहेर पाहत बसले:
धक्का, दोर, ओलं कुत्रं.
'आर कुठे ठेवलाय यांनी?' ते म्हणाले,
मला नाही, कीबोर्डला.

चाळीस मिनिटं लागली.
मागे रांगेत तिघं, त्यातला एक कुरकुरणारा.
मग त्यांच्या चष्म्यात उजेड पडला,
आकडा उमटला.
ओठ हलवत त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला,
आणि माझ्याकडे वळून म्हणाले,
'एवढीच?'