अर्धा पौंड

भद्रकालीत मुलाणी पानात बांधता बांधता विचारतो,
"रोज अर्धा पौंड? शामुवेल, वाघ पाळलास का?"
मी डबा पुढे करतो. तो अजून कोमट लागतो हाताला.
तांबट आळीत आवाजावरूनच घरं ओळखू येतात,
रावजीचं तेवढं मुकं आहे.

आधी त्याच्या बोटांना हातोडी कळेना,
मग तळव्यांना जमीन.
डोळे मिटून उभा राहिला की कलंडतो.
जीभ लाल, गुळगुळीत,
घासलेल्या घंगाळाच्या आतल्या अंगासारखी.
आणि रंग म्हणाल, तर
जन्मभर तांबं ठोकून माणूस पितळेचा झालेला.

डॉक्टर वर्तकांच्या टेबलावर
बोटीने आलेला, तीन महिने शिळा अंक.
जनावराचं यकृत. कच्चं, नाहीतर जेमतेम वाफवलेलं. रोज.
गुण कशाने येतो ते अजून कळलेलं नाही.
हे शेवटचं वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं,
खुशीत.

मी चाळणीवर घासतो, शिरा काढतो,
लिंबू, मीठ, आल्याचा रस.
रावजीची बायको भिंतीकडे तोंड करून उभी.
चौथ्या दिवशी तो म्हणाला, मरू द्या मला.
पाचव्या दिवशी आम्हा दोघांना शिवी हासडून प्यायला.

आठव्या दिवशी डॉक्टर ओरडले, "ये, बघ!"
काचेखाली कोवळ्या पेशी, पोटात निळी जाळी.
परवा मोजून चार होत्या.
आज मोजता मोजता चहा गार.

डॉक्टर म्हणतात यकृत, मुलाणी म्हणतो कलेजी.
आमच्या घरी काळीजच म्हणायचे,
आणि दुखलं की हात छातीवर ठेवायचे,
भलत्याच जागी.

रूथची जीभही अशीच होती.
लोहाचं औषध मीच पाजलं तिला,
सोमलाचे थेंब मीच मोजले, एकही न चुकता.
ईस्टरच्या आधी गेली. शरणपूरला, आईशेजारी.
अंकावरची तारीख मी पाहिली आहे.
बोट तेव्हा एडनपाशी असेल.
डॉक्टरांना हे मी सांगितलेलं नाही.

काल आळीतून येताना
रावजीच्या दारातून एक ठोका ऐकू आला.
मग बराच वेळ काही नाही.
मी डबा धरून उभा.
मग दुसरा,
चुकलेला.